निसरगाठ

पंधरा ऑगस्टला आमच्या देवळात
एकाच सकाळी दोन सण येतात.
आत मरिया माउली स्वर्गी उचलली जाते,
बाहेर, कंपाउंडात, झेंडा.
दोन्हीकडच्या दोऱ्या बापूसच्या हातात:
साडेसहाला घंटेची,
मिस्सा सुटल्यावर खांबाची.

आदल्या रात्री ओट्यावर बसून
तो झेंड्याची घडी घालायचा.
मधे झेंडूच्या पाकळ्या, मोजून दोन मुठी.
(जास्वंद नको, काळी पडते.)
वर निसरगाठ.
"एका झटक्यात सुटली पायजे,
पन वाऱ्यानं सुटाची नाय,"
हे मला सांगायचा की गाठीला, कोण जाणे.

एकोणीस वर्षं ती कधी अडकली नाही.
एकोणीस वर्षं तो इनासकाकाशी बोलला नाही.

शेत होतं आमचं, कोळे-कल्याणच्या उगवतीला.
सत्तेचाळीसच्या त्या रात्री आजोबा
बांधावर कंदील घेऊन नाचला म्हणे,
तोल जाऊन चिखलात पडला, तिथेच हसत बसला.
पुढे धावपट्टी वाढली.
कागद आला, आपल्याच सरकारचा,
आणि पैसे आले थोरल्याच्या नावावर.
बाकीचं गावठाणात सगळ्यांना माहीत आहे,
प्रत्येकाला वेगळं.

रात्री घरच्या आल्तारापुढे गुडघे टेकून
आम्ही प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायचो.
भाकर मागेपर्यंत बापूसचा आवाज सगळ्यांच्या वर.
मग ती ओळ यायची, दुसऱ्याला सोडून देण्याची,
की तो खोकायचा.
आय थांबायची नाही. आम्हीही नाही.
मोहाच्या ओळीला तो पुन्हा येऊन मिळायचा.
जवळजवळ सात हजार रात्री,
हिशेब माझा.

त्या वर्षी फादर सिप्रियान प्रवचनात म्हणाले,
समुद्र ओलांडून सुटलेली माणसं
वाळवंटात मिसरच्या कांद्यांसाठी रडली.
लोक हसले.
बापूस मागे घंटेच्या दोरीला टेकून
हाताची सालं काढत होता.

मग बाहेर.
दोरी ओढली, गाठ आवळली.
झेंडा वर, मुठीसारखा बंद.
गाणाऱ्या पोरी तोंड उघडून थांबलेल्या,
फादर आभाळाकडे बघताहेत,
डोक्यावरून एक विमान
आमच्या शेतावर उतरायला चाललेलं.
बापूसने पुन्हा ओढली. आणखी आवळली.
"सैल सोड रे पास्कू, ओढू नको,"
गर्दीतून कुणीतरी म्हणालं.
काकाचा आवाज असावा.
मी वळून बघितलं नाही. बापूसनेही नाही.
त्याने झेंडा खाली घेतला,
सगळ्यांदेखत दातांनी गाठ सोडवली,
आणि म्हणाला,
"दोरीचा दोष नाय. गाठ माझीच हाय."

दुसऱ्या खेपेला झेंडा उघडला.
पाकळ्या बऱ्याचशा त्याच्याच डोक्यावर पडल्या.
राष्ट्रगीत थोडं वरच्या पट्टीत लागलं,
शेवटी मुलींना चढवेना.

दुपारी त्याने फुग्यांचं ताट फडक्याने झाकलं,
चार घरं सोडून पाचव्या घरी गेला.
काका आत होता, चपला दारात होत्या.
काकीने ताट उभ्यानेच घेतलं,
म्हणाली, ऊन फार आहे.
तो म्हणाला, हो.
परत आला, पाणी मागितलं,
केसांत एक पाकळी तशीच, झोपला.

सूर्यास्ताला झेंडा उतरवला. मी एक टोक धरलं.
रात्री प्रार्थनेला बसलो.
भाकर झाली. आयने सवयीने घाई केली.
बापूस खोकला नाही.
ती ओळ त्याने म्हटली,
नवीन चपलेत पाय घालावा तशी, अडखळत,
आम्ही पुढे गेलो होतो, तो अजून तिथेच,
आय मागे वळली,
त्याच्याबरोबर ती पुन्हा म्हणाली.

ताट अजून तिकडेच होतं.